हलायचं नाही, म्हणजे धोका नाही? एका गुडघ्याचं आणि रक्तदाबाचं प्रकरण

हे प्रकरण ज्या बाईंचं आहे त्या ५७ वर्षांच्या. शाळेत गणित शिकवतात, दिवसातले पाच-सहा तास उभ्या असतात आणि वर्ग वरच्या मजल्यावर असल्याने जिना चुकत नाही. उजवा गुडघा वर्षभर पुढच्या बाजूने, वाटीच्या मागे दुखत होता. चढताना थोडा, उतरताना जास्त. उतरताना कठड्याला धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या खाली येत. रक्तदाबाची एक गोळी काही वर्षांपासून चालू होती आणि ती नियमित घेतली जात होती.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत, आणि सारखीच तक्रार घेऊन येणाऱ्या काही जणींचे अनुभव एकत्र करून हे एक प्रकरण रचलं आहे. त्यामुळे बाईंचे आकडे म्हणजे संशोधनाचे निष्कर्ष नव्हेत. कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय का घेतला, हे दाखवण्यापुरते ते आहेत. संशोधनाचे आकडे जिथे येतील तिथे तसं सांगितलं आहे.

बाई आल्या त्या दोन उलट सल्ले घेऊन. त्यांच्या फिजिशियनने सांगितलं होतं, "जोर लागेल असं काही करू नका, बीपी चढेल." मुलगा व्यायाम करणारा. त्याने कुठेतरी वाचलं होतं की भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसून राहण्याचा व्यायाम, म्हणजे वॉल सिट, बीपी उतरवायला सगळ्यांत चांगला. वर त्याचा तर्क असा: "आई, यात काही हलतच नाही, मग गुडघ्याला त्रास कुठून होणार?" त्याने करून दाखवलं, बाईंनी केलं. मांड्या जमिनीला समांतर, पाय थरथरायला लागेपर्यंत. आठवडाभरात गुडघ्यावर सूज आली. एकदा तर भिंतीपासून उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या पटकन खाली बसल्या म्हणून पडल्या नाहीत.

"डॉक्टर, दोघांपैकी बरोबर कोण?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. गुडघ्याचा नंबर नंतर लागला.

दोघंही अर्धे बरोबर

आयसोमेट्रिक व्यायामात स्नायू जोर लावतो पण सांधा हलत नाही. भिंत ढकलणं, वजन अधांतरी धरून ठेवणं, खुर्चीत बसून पाय एखाद्या न हलणाऱ्या पट्ट्याविरुद्ध दाबणं, हे सगळं त्यातच येतं. बाहेरून सगळं स्थिर दिसतं, पण आत स्नायूचे तंतू किंचित आखडतात, कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, ताणला जातो आणि सांध्यातली हाडं एकमेकांवर दाबली जातात. किती दाबली जाणार हे जोरावर आणि कोनावर ठरतं. वॉल सिटमध्ये जसजसं खाली जावं तसतसा मांडीच्या पुढच्या स्नायूवरचा भार वाढतो आणि वाटी मांडीच्या हाडावर अधिक जोराने दाबली जाते. म्हणजे मुलाने आईला नेमका तो कोन दिला, जिथे तिच्या दुखऱ्या जागेवर सर्वांत जास्त दाब येत होता. हालचाल शून्य असल्याने घासणं कमी झालं असेल, दाब मात्र भरपूर होता.

रक्तदाबाचं गणित थोडं वेगळं आहे. चालताना स्नायू आवळतो आणि सुटतो, त्यामुळे रक्त येत-जात राहतं. वरचा आकडा वाढतो, खालचा फारसा हलत नाही. एकच स्नायू सलग आवळून धरला की तो आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पोचतं, चयापचयातून तयार झालेले पदार्थ तिथेच साठतात, आणि ते जाणवताच मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने शरीर सगळीकडचा दाब वाढवतं, जेणेकरून त्या आवळलेल्या स्नायूत रक्त ढकललं जाईल. अलम आणि स्मर्क या दोघांनी १९३७ मध्येच हे दाखवून दिलं होतं. व्यायाम थांबवल्यावरही त्या भागाचा रक्तपुरवठा पट्ट्याने अडवून ठेवला, तर चढलेला दाब उतरत नाही. इथे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे वाढतात, आणि जोर मोठा असेल तर धरून ठेवलेल्या प्रत्येक सेकंदागणिक ते वाढतच जातात. फिजिशियनचं म्हणणं इथवर अगदी खरं.

त्यात श्वास रोखला तर बघायलाच नको. १९८५ मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच बॉडीबिल्डरांच्या दंडातल्या धमनीत नळी घालून, जड वजनाचा लेग प्रेस करताना दाब मोजला. दोन्ही पायांनी ढकलताना सरासरी निघाली ३२०/२५०, आणि एकाचा आकडा ४८०/३५० च्या वर गेला. तो व्यायाम आयसोमेट्रिक नव्हता आणि ती माणसं तरुण, निरोगी होती. पण जास्तीत जास्त जोर आणि रोखलेला श्वास एकत्र आले की काय होतं, याचा त्याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. थकत आलेला माणूस वॉल सिटमध्ये शेवटची काही सेकंदं दात-ओठ खाऊन काढतो तेव्हा श्वास हमखास रोखलेला असतो. बाईंना विचारलं तर त्यांनी लगेच कबूल केलं.

आता मुलाची बाजू. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांचं एक मोठं विश्लेषण आलं. २७० चाचण्या, १५,८२७ माणसं. किमान दोन आठवडे नियमित व्यायाम केल्यावर विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब किती उतरतो, हे त्यात पाहिलं होतं. चालणं-धावणं या प्रकारात सरासरी ४.४९/२.५३ ने, वजनं उचलण्यात ४.५५/३.०४ ने, आणि आयसोमेट्रिक प्रकारात ८.२४/४.०० ने. वरचा आकडा उतरवण्यात वॉल सिटचा क्रमांक सगळ्यांत वर होता. मुलाने वाचलं ते हेच, आणि तेही खरं.

म्हणजे जो व्यायाम करताना दाब चढवतो, तोच महिनाभर केल्यावर दाब उतरवतो. यात विसंगती नाही. चढणं त्या दोन मिनिटांचं असतं. स्नायू सैल सोडल्यावर रक्ताचा लोट येतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर त्याला प्रतिसाद देतं आणि वाहिन्या हळूहळू जास्त सैल राहायला शिकतात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बातमीतून गळला तो डोस. या चाचण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येकी दोन मिनिटांचे चार धरणे (धरणं म्हणजे जोर लावून एकाच स्थितीत धरून ठेवणं), मध्ये एक ते चार मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीनदा, एवढंच करून घेतात. मुठीचा व्यायाम असेल तर जोर कमाल ताकदीच्या ३० टक्क्यांच्या आसपास. वॉल सिटमध्ये गुडघ्याचा कोन माणसागणिक ठरवलेला असतो, सरसकट ९० अंश नव्हे. "पाय थरथरेपर्यंत" असं कोणत्याही चाचणीत लिहिलेलं नसतं. व्यायामाचं नाव पोचलं, मात्रा नाही, आणि औषधाच्या बाबतीत आपण असं कधी चालवून घेतलं नसतं.

अंधारी येण्याचं कारणही इथेच सापडतं. श्वास रोखून छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. मग व्यायाम संपतो, मांड्यांमधल्या दबलेल्या वाहिन्या एकदम उघडतात, रक्त तिकडे धावतं. त्याच क्षणी माणूस झटकन उभा राहतो, आणि गोळीने वाहिन्या आधीच सैल केलेल्या असतात. दाब क्षणभर कोसळतो.

सुरुवातीची तपासणी

हात लावण्याआधी काही प्रश्न विचारणं भाग होतं. हृदयविकार, पक्षाघात, रक्तवाहिनीला फुगा, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा विकार, काचबिंदू, अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही आहे का? काही नव्हतं. असतं तर पुढचं सगळं त्या-त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच झालं नसतं. विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर ताकदीचा व्यायाम त्या दिवशी करायचाच नाही, ही सर्वमान्य मर्यादा आहे. बाईंचा १३६/८४ होता. फिजिशियनशी फोनवर बोलणं झालं. आपण किती जोर लावणार आहोत हे आकड्यांत सांगितल्यावर त्यांनी लगेच संमती दिली. व्यायाम चालू असताना दाब १८०/१०५ च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. नियमांत याहून सैल मर्यादा सापडतात, पण या बाईंसाठी सैल मर्यादेची गरज नव्हती.

गुडघ्यात थोडं पाणी होतं. हे किरकोळ वाटतं, पण गुडघ्यात थोडंसं पाणी साठलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा मज्जारज्जूच्या पातळीवरच दाबली जाते. माणूस मनापासून जोर लावतो आणि स्नायू अर्धवटच उठतो. अशा पायाला "ताकद कमी आहे" म्हणून एकदम जड व्यायाम देणं निरर्थक असतं. सूज उतरेपर्यंत पहिले काही दिवस पाय सरळ ठेवून मांडी आवळायची आणि सोडायची, एवढंच दिलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पाच-सहा सेकंद दाबायचं, सोडायचं. बाईंना हे पोरकट वाटलं. चार-पाच दिवसांत सूज उतरली तेव्हा वाटेनासं झालं.

मग मोजमाप. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा, एक न ताणणारा पट्टा आणि जड खुर्ची, एवढ्यावर घरीही हे जमतं. बाई खुर्चीत बसल्या, घोट्याला पट्टा, पट्टा मागे काट्याला आणि काटा खुर्चीच्या मागच्या पायाला. पाय पुढे ढकलायचा, पण तो हलणार नाही. जोर तीन-चार सेकंदांत हळूहळू चढवायचा, झटका द्यायचा नाही, तोंडाने आकडे मोजत राहायचं. गुडघा साधारण ६० अंश वाकलेला असताना (सरळ पाय म्हणजे शून्य अंश) उजवा पाय १४ किलो, डावा २२. ९० अंशांत उजवा १३, आणि तिथे निम्म्या जोरालाच दुखणं दहापैकी पाचवर गेलं. ६० अंशांत तेवढ्याच जोराला दुखणं दोन.

पहिले पाच आठवडे

मांडीच्या स्नायूला ६० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त जोर काढता येतो आणि बाईंना तिथे दुखतही कमी होतं. म्हणून बैठकीतला व्यायाम तिथून सुरू केला. पाच धरणे, प्रत्येकी ३० सेकंद, काट्यावर ७ किलो, म्हणजे कमाल जोराच्या निम्मा. मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, दिवसाआड. जोर चढवायला चार सेकंद आणि उतरवायलाही चार. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जड किंवा सुजलेला वाटला तर पुढच्या वेळी जोर कमी करायचा, वेळ तोच ठेवायचा. हा सकाळचा निकष माझ्या मते व्यायामादरम्यानच्या दुखण्यापेक्षा जास्त विश्वासाचा. व्यायाम करताना माणूस जोशात असतो, सकाळी तसा नसतो.

काटा वाचायचं काम मुलाकडे दिलं. त्याला ते आवडलं आणि आईला "अजून थोडं, अजून थोडं" म्हणायची त्याची सवय सुटली, कारण आता काट्यावर आकडा होता आणि तो ओलांडायचा नव्हता.

दुसरा व्यायाम तोच, ज्याने त्रास झाला होता. वॉल सिट बंद करायला सांगितली असती तरी चाललं असतं, पण रक्तदाबासाठी तिचा उपयोग होता आणि बाईंच्या मनात बसलेली भीतीही काढायची होती. यावेळी गुडघे फक्त ३५-४० अंश वाकवायचे, म्हणजे भिंतीला टेकून उभं राहून थोडंसंच खाली घसरायचं, आणि टाचा गुडघ्यांच्या बरोबर खाली. श्रम दहापैकी चार-पाच. सुरुवातीला पाऊण मिनिटाचे चार धरणे, मग हळूहळू दोन मिनिटांपर्यंत.

श्वासाचा प्रश्न सोडवला पाढ्यांनी. "श्वास रोखू नका" असं सांगून उपयोग होत नाही. सांगितलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि जास्तच अवघडतो. मोठ्याने बोलत राहिलं तर श्वास रोखणं शक्यच नसतं. बाईंनी एकोणतीसचा पाढा निवडला, कारण सोपे पाढे यंत्रासारखे निघतात आणि लक्ष पायांच्या जळजळीवर जातं. पाढा अडखळायला लागला किंवा शब्द तुटक येऊ लागले की धरणं संपलं, वेळ पूर्ण झालेली असो वा नसो.

काम पाय करत असल्याने दंड मोकळा होता, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिनिटात रक्तदाब मोजता आला. उथळ कोनात दोन मिनिटांच्या अखेरीस १५८/९४. एकदा थोडं खाली, ५० अंशांच्या आसपास बसवून पाहिलं, तर तेवढ्याच वेळात १७२/१०२. जागा वितभरानेही बदलली नव्हती, पण मर्यादा हाताच्या अंतरावर आली. पुन्हा वर सरकलो आणि पुढे महिनाभर तिथेच राहिलो. संपल्यावर भिंतीला टेकूनच वर सरकायचं, टाचा उचल-टेक करत मिनिटभर थांबायचं, मग चालायचं. अंधारी पुन्हा आली नाही.

धरणं किती वेळाचं असावं, हा प्रश्न बाईंनी गणिताच्या शिक्षिकेच्या चिकाटीने विचारला आणि त्याचं एक उत्तर नाही. १९५३ मध्ये जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी असं मांडलं की कमाल जोराच्या दोन-तृतीयांश जोराने दिवसातून एकदा, फक्त सहा सेकंद आवळलं तरी आठवड्याला सुमारे पाच टक्के ताकद वाढते. जगभर खळबळ उडाली. नंतरच्या अभ्यासांत एवढी वाढ सरसकट दिसली नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत यॉर्कच्या वेटलिफ्टरांनी आयसोमेट्रिकवर विक्रमी प्रगती केल्याचा गाजावाजा झाला, त्यासाठीच्या चौकटी धडाधड विकल्या गेल्या, आणि मग उघड झालं की त्यांतले काही जण त्याच काळात स्टेरॉइडच्या गोळ्याही घेत होते. तेव्हापासून हा व्यायामप्रकार कधी डोक्यावर घेतला जातो, तर कधी अडगळीत पडतो. सहा सेकंदांचं धरणं निरुपयोगी नाही. जोर मोठा लावायचा असेल तर तेच योग्य. पण रक्तदाब असलेल्या माणसाला मोठा जोर नको होता, म्हणून कमी जोर आणि जास्त वेळ हा मार्ग घेतला. आणि रक्तदाब उतरवायला दोन-दोन मिनिटं लागतात. उद्देश वेगळा, तर घड्याळही वेगळं.

दुखण्याचं म्हणाल तर ४५ सेकंदांचा आकडा येतो तो २०१५च्या रिओ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून. वाटीखालचा कंडरा दुखणाऱ्या व्हॉलीबॉलपटूंना ७० टक्के जोराने ४५ सेकंदांचे पाच धरणे दिल्यावर दुखणं एकदम उतरलं आणि किमान ४५ मिनिटं उतरलेलं राहिलं. खेळाडू होते सहा. पुढे टाचेच्या आणि कोपराच्या दुखण्यात हीच जादू शोधली गेली, ती सगळीकडे सापडली नाही. बाईंचं दुखणं कंडऱ्याचं नव्हतंच, पण धरणं संपल्यावर अर्धा-पाऊण तास गुडघा हलका वाटतो असं त्या सांगत. त्यामागचं कारण काय याच्या खोलात न जाता आम्ही ती वेळ वापरली. चालणं आणि पायऱ्यांचा सराव त्याच अर्ध्या तासात ठेवला.

ताकद वाढली, जिना तिथेच

पाच आठवड्यांनी ६० अंशांत उजवा पाय १९ किलोवर आला. १४ वरून १९, कुणालाही आनंद व्हावा असा आकडा. बाईंना झाला नाही. एक तर त्या दर रविवारी टेपने मांडीचा घेर मोजत होत्या आणि तो तसूभर बदलला नव्हता. ते अपेक्षितच होतं. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू-मज्जासंस्थेच्या सुधारलेल्या आज्ञेमुळे, आणि बाईंच्या बाबतीत सूज-दुखणं हटल्यामुळे; स्नायूची जाडी नंतर बदलते.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची होती. "काटा काहीही म्हणू दे डॉक्टर, जिना उतरताना काही फरक नाही."

काटा पुन्हा लावला, यावेळी ९० अंशांत. उजवा पाय १४ किलो. पाच आठवड्यांपूर्वी १३ होता.

आयसोमेट्रिक व्यायामाचा हा सर्वांत मोठा मर्यादेचा मुद्दा, आणि "सुरक्षित ताकद" म्हणून तो सुचवणारे बहुतेक जण तो वगळतात. ज्या कोनात सराव केला त्या कोनात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १५-२० अंशांपर्यंत ताकद चांगली वाढते, पुढे ती विरत जाते. स्नायू ताणलेल्या लांबीवर असताना, म्हणजे गुडघा जास्त वाकवून सराव केला, तर फायदा जास्त कोनांत पसरतो. उथळ कोनातला सराव मात्र खोल कोनापर्यंत फारसा पोचत नाही. जिना उतरताना मागे राहिलेला गुडघा खोल वाकत जातो आणि पुढचा पाय टेकेपर्यंत सगळं वजन त्याच्यावर असतं. शिवाय तिथे स्नायू लांबत लांबत वजन खाली सोडत असतो, धरून ठेवत नसतो. आम्ही एका कोनात धरायला शिकवलं होतं, आणि जिन्याला हवं होतं सोडायला.

पहिला टप्पा त्यामुळे वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्या वेळी ९० अंशांत निम्मा जोरही सोसत नव्हता; दुखऱ्या कोनात जोर लावला तर स्नायू तसाही माघार घेतो. आता तोच जोर लावून पाहिला तर दुखणं पाचऐवजी दोन होतं. पुढे जायला जागा तयार झाली होती.

दुसरा टप्पा

बैठकीतला व्यायाम ९० अंशांवर नेला. जोर मात्र मागे घेतला. १४ किलोच्या ४० टक्के, म्हणजे साडेपाच किलो, दहा-दहा सेकंदांचे आठ धरणे. दोन आठवड्यांत ते ३० सेकंदांचे पाच झाले. ६० अंशांचे दोन धरणे आधी, गुडघा तयार करायला.

खरा बदल घडवला तो पायरीने. साधारण १० सेंटिमीटर उंचीची पायरी, उजवा पाय वर, एक हात कठड्यावर. डावा पाय हळूहळू खाली सोडायचा, पण वाटेत दोन ठिकाणी थांबायचं, पाच-पाच सेकंद, पाढा चालू. जिथे गुडघा पूर्वी एकदम "सुटायचा", बरोबर त्याच्या आधी एक थांबा. मग उरलेलं अंतर सावकाश. हालचालीच्या आत पेरलेले हे आयसोमेट्रिक धरणे मला भिंतीपेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण माणूस ज्या कोनात घाबरतो त्याच कोनात त्याला थांबता येतं हे त्याला स्वतःला दिसतं. तीन आठवड्यांनी थांबे काढले आणि चार सेकंदांत एकसंध खाली उतरणं ठेवलं. पुढे पायरीची उंची वाढवली.

मध्ये एकदा गुडघा पुन्हा भरला. शाळेत कार्यक्रम होता, दिवसभर जिन्यावर ये-जा झाली आणि संध्याकाळी "आजचा व्यायाम चुकायला नको" म्हणून तोही केला. सकाळच्या निकषाने सांगितलं तसं दोन दिवस फक्त टॉवेलचा व्यायाम, मग निम्म्या जोरापासून परत. आठवड्यात गाडी रुळावर आली. जिन्यावरचा जास्तीचा फेराही त्या दिवसाच्या हिशेबात धरायचा, हे तेव्हा ठरलं.

बाराव्या आठवड्याचे आकडे असे: ६० अंशांत उजवा २०, ९० अंशांत १८, डावा ६० अंशांत २३. शेवटच्या सात आठवड्यांत ६० अंशांची ताकद फक्त एका किलोने वाढली आणि ९० अंशांची चारने, पण जिन्यात फरक पडला तो याच सात आठवड्यांत. रिकाम्या हाताने बाई आता एक पायरी-एक पाय असं उतरतात. वह्यांचा गठ्ठा हातात असेल तर कठडा लागतो.

घरी सकाळी मोजलेल्या रक्तदाबाची आठवड्याची सरासरी १३६/८४ वरून १३०/८१ वर आली. मुलगा याचं सगळं श्रेय वॉल सिटला देतो. मी देणार नाही. याच काळात गुडघा कमी दुखू लागल्याने बाईंचं रोजचं चालणं वाढलं होतं आणि वजन थोडं उतरलं होतं, शिवाय शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या. एका माणसावरून यातलं काय कशामुळे झालं हे वेगळं काढता येत नाही. गोळी तशीच चालू आहे. ती कमी करायची की नाही हे फिजिशियन ठरवतील, घरचं मशिन नव्हे.

आता आठवड्याला दोन दिवस पायरी आणि खुर्चीतून सावकाश उठ-बस, तीन दिवस उथळ वॉल सिट. बैठकीतले पट्ट्याचे धरणे रोजच्या यादीतून काढून टाकले आहेत. गुडघा बिघडेल त्या आठवड्यासाठी ते राखून ठेवले आहेत: ६० अंश, निम्मा जोर, ३० सेकंद, आणि सकाळी गुडघा पाहून पुढचा निर्णय. काटा दर महिन्याला एकदा दोन्ही कोनांत लावायचा. उजव्या-डाव्यातला फरक पुन्हा पाच किलोंच्या पुढे गेला, किंवा विश्रांतीचा रक्तदाब सलग तीन दिवस १५०/९५ च्या वर राहिला, तर व्यायाम थांबवून फोन करायचा असं ठरलं आहे. टेप मात्र बाईंनी अजून कपाटात टाकलेली नाही.